चार पाटांचं कपाट

॥ श्री ॥

शनि. १४ जून

आले: पुठ्ठ्याचं खोकं एक, माणूस निजेल एवढं लांब. आत सुट्या फळ्या, पाठीला लावायचा पातळ पत्रा (पत्रा नव्हे, पुठ्ठाच), स्क्रूची पिशवी, प्लास्टिकच्या खुंट्या, चित्रांचा कागद. किं. रु. ३,४९९. श्रीरंगने पुण्याहून परस्पर भरले. आणणाऱ्याने दुसऱ्या मजल्यावर चढवायचे पन्नास मागितले, तीस आणि पेलाभर ताकावर मिटवलं.

श्रीरंगचा फोन. म्हणतो, आता तरी त्या ट्रंका खाटेखालून काढ, पुस्तकांना घर आलं. मुलगा आईचं मन ओळखतो, पैसे मात्र न विचारता घालवतो.

ह्यांनी दुपारपासून चष्मा लावून जुळवणी केली. कागदावरची चित्रं बघत होते, मला हात लावू देईनात. दिवेलागणीला कपाट उभं. एक फळी उलटी बसलीय, खरबरीत बाजू वर. सांगितलं नाही. आधीच कंबर धरली होती त्यांची.

रवि. १५ जून

पुस्तकं लावली. सगळ्यांत वर पोथ्या, लाल फडक्यात. खाली चरित्रं, संतांची, इतरांचीही. मग कादंबऱ्या. सर्वांत खाली बांधून घेतलेले दिवाळी अंक. कोपऱ्याकोपऱ्यात वेखंडाच्या पुड्या.

अर्धीअधिक रद्दीच्या दुकानातून वजनावर आणलेली. भाजीच्या पैशातून उरवून. मॅट्रिक झाले आणि मांडवात बसले, पुढचं जे काही शिकले ते ह्यातून. हे म्हणतात, रद्दीतून आणलंस, रद्दीतच जाईल. हसून म्हणतात. पण म्हणतात.

खालच्या मजल्यावरची मयेकरीण आली, दोन कादंबऱ्या घेऊन गेली. लिहून ठेवले.

मंगळ. ८ जुलै

पावसाने मीठ पाझरतंय, न्हाणीचं दार लागत नाही. त्यात कपाट. मधली फळी जुन्या खाटेसारखी पोटात गेली आहे. खालची तिच्या वाटेवर. बोटाने दाबलं तर कडेला भुसा फुगून आलेला, शिळ्या ढोकळ्यासारखा.

ह्यांना दाखवलं. म्हणाले ओझं झालंय, अर्धी पुस्तकं काढून टाक, रद्दीवाला रविवारी येतोच. गणपतीला श्रीरंग आणि सूनबाई यायच्या आत हॉल मोकळा व्हायला हवा, त्यांची खाट कुठे टाकायची.

मी म्हटलं, "तुमच्या वजनाने खाट करकरायला लागली, तेव्हा तुम्हाला नाही कमी केलं. खाट बदलली."

पेपर वर धरला.

गुरु. १० जुलै, गुरुपौर्णिमा

सकाळी कपाटाला हळदकुंकू, वर तगरीची फुलं. नैवेद्याला शिरा. आरतीचं तबक ठेवून वळले आणि वरच्या फळीची खुंटी तुटली. एका बाजूने फळी खाली, पोथ्या घसरून जमिनीवर. आजच्या दिवशी.

एकेक उचलून कपाळाला लावली. एकीच्या पानांचा कोपरा दुमडला, बाकी ठीक. रडू आलं होतं, पण हे दारात उभे होते म्हणून आवरलं.

हे म्हणाले, बघ, देवानेच सांगितलं.

देवाने सांगितलं की फळी कच्ची आहे. पुस्तकं जास्त आहेत असं काही सांगितल्याचं मी ऐकलं नाही.

पोथ्या जमिनीवर ठेवायच्या नाहीत म्हणून सगळी पुस्तकं टेबलावर. आम्ही दोघं जेवायला खाली. ह्यांचे गुडघे वाजले. वाजू देत. निर्णय लवकर होईल.

शनि. १२ जुलै

मेस्त्री आले. ह्या बिल्डिंगमधल्या दारांचं सुतारकाम करतात ते. फळीवर नख मारलं, भुसा पडला. म्हणाले, "वयनी, ह्ये लाकूड न्हाय, कोंडा हाय. ह्यात स्क्रू धरायचा नाय."

म्हटलं सांगाडा ठेवून फळ्या तेवढ्या बदलता येतील का. येतील म्हणाले. पण जड फळी खुंट्यांवर नको. बाजूला आडव्या लाकडी पट्ट्या, आणि त्या आरपार बोल्टाने आवळायच्या. वर भिंतीला एक पकड. प्लायवूडचा भाव सांगितला. ऐकून मी चहा टाकायला उठले.

ह्यांचं: एवढ्यात दुसरं कपाट येईल. तेही वाकेल, मी म्हटलं. परत तुम्ही पुस्तकंच काढायला सांगाल.

चहा गाळताना सुचलं. पूर्णगडच्या घरी माळ्यावर जेवणाचे पाट आहेत. मामंजींनी एका फणसाचे करवून घेतलेले, सगळे एका मापाचे, दोन फुटी ऐसपैस. पंगत उठून किती वर्षं झाली. आता सगळे टेबलावर जेवतात.

सोम. १४ जुलै

सकाळच्या एसटीने पूर्णगड. तिथे वन्सं, ह्यांच्या मोठ्या बहीण, ह्यांना अजून नुसतं ‘माधव’ म्हणणाऱ्या. लहानपणी विधवा होऊन माहेरी आल्या, तेव्हापासून ते घर आणि घरचा गणपती त्याच सांभाळतात. कान गेलेत. फोनवर ‘बरं आहे’ म्हणून ठेवून देतात, म्हणून पत्र नाहीतर प्रत्यक्ष. कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. फळी वाकली, पोथ्या पडल्या, पाट हवेत.

"ने की. बसणारं कोण उरलंय आता? वरचे चार काढ, खालच्यांना ओल लागलीय."

पुन्हा विचारलं. पुन्हा ‘ने’ म्हणाल्या, वर म्हणाल्या की माणसांपेक्षा पुस्तकं बरी, पानात टाकून उठत नाहीत. हसलो दोघी. कुळथाचं पिठलं-भात खाऊन निघाले.

पाट पोत्यात बांधून. कंडक्टर म्हणाला, काकू, पंगत कुठे आहे? म्हटलं रत्नागिरीला, ये जेवायला.

बुध. १६ जुलै

मनात एक खुटखुट. ज्या पाटांवर बसून माणसं जेवली, खरकटं सांडलं, त्यांवर पोथ्या ठेवायच्या?

गुरुजींना विचारणार होते. मग म्हटलं कशाला. माणूस पाटावर बसून आधी श्लोक म्हणतो, पानाभोवती पाणी फिरवतो, मगच घास घेतो. रोज एवढं देवाचं नाव ज्या लाकडाने ऐकलं ते विटाळलेलं कसं? तरी चिंचेने घासले, गोमूत्र शिंपडलं, गॅलरीत उभे केले. शिवाय मेस्त्री रंधा मारणार, म्हणजे वरचं सालच जाणार. माझ्यापुरतं हे शास्त्र पुरे.

शुक्र. १८ जुलै

दिवसभर सुतारकाम. पाटाखालच्या पट्ट्या आधी उकलल्या. मेस्त्री फेकणार होते. म्हटलं थांबा, त्याच बाजूच्या आधाराला लावा. बघत राहिले, मग म्हणाले, वयनी, तुमी व्यापारात पायजे होता. विकतची पट्टी वाचली.

पाट रुंदीला थोडे कापले, रंधा मारला. आत पिवळंधमक लाकूड निघालं. घरभर वास.

मजुरी, बोल्ट, वॉर्निश धरून रु. १,१५०. प्लायवूडच्या मानाने काहीच नाही.

संध्याकाळी हे मधल्या फळीवर दोन्ही हात टेकून जोर देऊन बघत होते. मी स्वयंपाकघरातून बघितलं. हलली नाही. ‘हं’ म्हणाले. ह्यांच्या ‘हं’चा अर्थ मला लग्नाच्या वर्षापासून कळतो.

शुक्र. २५ जुलै

श्रावण लागला. दुपारी पोथीला बिल्डिंगमधल्या बायका. वाचन झाल्यावर मयेकरीण कपाटासमोर उभी राहून म्हणाली, सुमनताई, ह्याच्यावर आता मी बसले तरी वाकायचं नाही. सगळ्या हसल्या. चौघींनी पुस्तकं नेली.

हे आतून ऐकत होते. रद्दीचा विषय नाही. मीही काढला नाही.

मंगळ. २९ जुलै, नागपंचमी

वन्संचं कार्ड. जसंच्या तसं उतरवते.

‘चि. सौ. सुमन हीस अ. आ. नागपंचमीला गणपतीचा पाट शाळेत द्यायचा, तर सापडत नाही. दरसाल देवघराच्या दाराआड असतो. गेल्या साली विसर्जनाहून आल्यावर माधवने उचलून ठेवला होता. तो कुठे ठेवला विचार. तू नेलेल्या चारांत गेला काय ते बघ.’

कार्ड घेऊन कपाटासमोर जाऊन उभी राहिले.

आमच्याकडे मूर्ती बाजारातून उचलून आणत नाहीत. आपला पाट मूर्तिकाराच्या शाळेत नेऊन द्यायचा, त्याच पाटावर त्याने माती चढवायची. पिढ्यान् पिढ्या तोच पाट. मामंजींनी जुना किडला तेव्हा नवा करवला, तो ह्याच फणसाचा, ह्याच मापाचा. त्यावर कुणी बसत नाही.

आणि मी त्याला करवत लावली.

बुध. ३० जुलै

ह्यांना कार्ड वाचून दाखवलं. पहिलं वाक्य ऐकून उभे राहिले. सुरू झाले. पुस्तकांचं वेड, देवाच्या पाटापर्यंत मजल गेली, वन्संना काय तोंड दाखवणार, सूनबाईचा पहिला गणपती. सगळं ऐकून घेतलं. मग पुढची ओळ वाचली. ‘गेल्या साली माधवने उचलून ठेवला होता.’

"कुठे ठेवला होतात?"

गॅलरीत जाऊन उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, गुडघा दुखत होता, दाराआड वाकवेना, उभ्या उभ्या हात पुरला तिथे, माळ्यावर पाटांच्या चळतीवर टाकला. सगळ्यांत वर.

वन्संनी वरचे चार काढ म्हटलं. मी काढले. चोरून आणले नाहीत, दोनदा विचारून आणले. चूक तिघांत वाटली गेली तर वाट्याला थोडी थोडीच येते. पण ह्या घरात चूक वाटण्याची पद्धत नाही.

श्रीरंग फोनवर म्हणे, आई, नवा पाट ऑनलाइन मागवू का, दोन दिवसांत येतो. म्हटलं, राजा, तू आता काही मागवू नकोस.

शुक्र. १ ऑगस्ट

चारही फळ्या रिकाम्या केल्या. एकेकीवरून बोटं फिरवली. वाळूचा कण, कुंकवाचा डाग, काहीतरी. काही नाही. रंध्याने सगळ्यांना सारखं केलंय. मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं, मान हलवली. पट्ट्यासुद्धा एकमेकींत मिसळल्यात. कान धरून म्हणाले, माजा हात लागला, मला म्हाईत नव्हता. त्यांना काय म्हणायचं. मलाच माहीत नव्हतं.

हे म्हणाले, ओळखू येत नाही ना, मग चारही काढ. चारही नेऊन दे. पुस्तकांचं रविवारी बघतो मी.

म्हणजे कपाटाचा सांगाडा उरला, आणि ह्यांचं जूनपासूनचं म्हणणं खरं झालं. देवाच्या आडून.

देवासमोर बसले. खरं सांगायचं तर भीती वाटली. ह्यांची नाही. त्याच्या पाटावर करवत फिरली हे खरं आहे, ते कुठल्याही हिशेबात बसवता येत नाही. अथर्वशीर्ष म्हटलं. अर्ध्यात शब्द अडले, माझे, जे पाठ आहे त्यात. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

उठताना एवढंच मनात आलं. बुद्धीची देवता. तिचा पाट पुस्तकांखाली गेला. दारूच्या दुकानाच्या खुर्चीला तर नाही गेला.

पुस्तकं परत लावली. चारही फळ्यांना फूल वाहिलं. कुठली, त्यालाच ठाऊक.

रवि. ३ ऑगस्ट

लिहायला बसवत नाही, पण लिहिते.

देवळातून आले तर दारात रद्दीवाला, तराजू टेकलेला. हॉलमध्ये सुतळीने बांधलेले तीन गठ्ठे. कादंबऱ्यांची अख्खी फळी रिकामी. हे खुर्चीत, माझ्याकडे न बघता.

पिशवी ठेवली. विळी आणली. रद्दीवाला दोन पावलं मागे सरला. सुतळी कापली, एकेका गठ्ठ्याची. आतून पेपरची रद्दी आणून त्याच्यासमोर ठेवली.

"ह्या घरातली रद्दी म्हणजे एवढीच. तोला."

तोलली. तीन किलोच्या वर भरली. पैसे माझ्या हातात दिले, ह्यांच्या नाही. हुशार आहे.

तो गेल्यावर ह्यांना म्हटलं. आवाज चढवला नाही. "पाटाची चूक झाली ती तुमची, माझी आणि वन्संची. पुस्तकांनी काय केलंय? त्यांना शिक्षा का?"

म्हणाले, मग वन्संना काय सांगायचं ते तूच सांग. मी नाही सांगणार.

सांगते.

कादंबऱ्या जागेवर. दुपारी दोघांनी वरणभात. ह्यांनी स्वतः ताट उचलून घासायला नेलं. हे नवीन आहे. ह्याचा अर्थ मला लागलेला नाही.

सोम. ४ ऑगस्ट

मेस्त्रींच्या घरी जाऊन आले. त्यांच्याकडे फणसाची वाळलेली जाड फळी आहे, भावाच्या आगरातली. नवा पाट होईल, मजुरी घेणार नाही म्हणतात. म्हटलं मजुरी घ्यावीच लागेल, देवाचं फुकट नको. पण थांबा, वन्संचं आल्याशिवाय करवत लावू नका. एकदा लावली तेवढी पुरे.

मूर्तिकाराला ह्यांनी फोन केला, आपण होऊन. तो गोकुळाष्टमीपर्यंत थांबेल. पुढे नाही, ह्या हवेत माती वाळत नाही.

हे म्हणाले, पूर्णगडला जाऊन ये. नको. समोर गेले तर वन्सं ताक देतील, चटईवर बसवतील, भिंतीकडे बघतील आणि हा विषय काढूच देणार नाहीत. माझ्या देखत कधी रागावल्याच नाहीत, तेच अवघड आहे. कागदावर मात्र त्या लिहितात. म्हणून कागदच.

मंगळ. ५ ऑगस्ट

मंगळागौरीच्या वाणाची तयारी ठेवून सकाळीच पत्र लिहिलं. ह्यांना वाचून दाखवलं नाही. पेटीत टाकण्याआधी इथे उतरवते आहे.

‘ती. वन्संना सुमनचा शि. सा. नमस्कार.

पाट माझ्याकडेच आला. तुम्ही वरचे चार म्हणालात, त्यांत सगळ्यांत वर तोच होता. तिथे कुणी ठेवला ते तुमच्या भावाने कबूल केलं आहे. पण करवत माझ्या सांगण्यावरून लागली, म्हणून लिहिते आहे मी.

चारही पाटांच्या फळ्या झाल्यात. रंधा मारल्यामुळे गणपतीचा कुठला हे मला, मेस्त्रींना, कुणालाच ओळखू येत नाही. नवस बोलून, फूल ठेवून कौल लावावा असंही मनात आलं. लावला नाही. मला हवा तोच कौल आला असता आणि मी तो खरा मानला असता.

आता दोन वाटा. एक, तुम्ही रत्नागिरीला या. त्या लाकडाला वर्षानुवर्षं तुम्ही घासलं आहे. ज्या फळीवर हात ठेवाल ती मी त्याच घटकेला काढून देईन, मेस्त्री खाली पट्ट्या मारतील. रुंदीला थोडी कमी भरेल, देवाला चालेल की नाही ते तुम्ही सांगा. दुसरी, नवा पाट. फणसाचा, चांगल्या वाळलेल्या फळीचा. तुम्ही म्हणाल तशी पूजा करून, उपास करून पूर्णगडला मी स्वतः घेऊन येईन आणि शाळेत नेऊन देईन.

तुमचे भाऊ म्हणतात चारही परत कर आणि पुस्तकं घराबाहेर काढ. पाटाचं तुम्ही सांगाल ते मला शिरसावंद्य. पुस्तकांचं मात्र कुणी सांगू नये, तुम्हीसुद्धा. जी फळी जाईल तिच्यावरची पुस्तकं मी मांडीवर घेऊन बसेन, पण ती ह्या घरात राहतील. हे उद्धटपणे लिहीत नाही. खरं आहे म्हणून लिहिते.

माणसांपेक्षा पुस्तकं बरी, असं तुम्हीच त्या दिवशी हसत म्हणालात. ते थट्टेत म्हणालात की मनापासून, हे मला अजून कळलेलं नाही. तेही लिहा.

सोबत कोरं कार्ड जोडलं आहे, वर माझाच पत्ता, ह्यांचा नाही. मूर्तिकार गोकुळाष्टमीपर्यंतच थांबणार. "जुना" नाहीतर "नवा", एवढा एक शब्द लिहिलात तरी पुरे, पण तो तुमच्या हातचा असू दे. उलट टपाली कळवा.’